ऐंशी नंबरचे हात

आत्या नवऱ्याचं घर सोडून, दोन ट्रंका आणि एक मोडकी आरामखुर्ची घेऊन भावाकडे कायमची राहायला आली, त्या वर्षीची ही सुरुवात. त्या घरात जुन्या गोष्टींचं वर्ष असंच सांगतात, आत्या यायच्या आधी की आत्या आल्यावर. आदल्या वर्षी घरातली आई गेली होती. लाकडी सामानाला पॉलिश करायचं दुकान, त्याच्या मागे दोन खोल्या, आणि त्यांत बाप, एक मुलगा, एक धाकटी मुलगी. स्वयंपाक तिघांपैकी कुणालाच धड येत नव्हता. आत्या आली आणि जेवण वेळेवर मिळू लागलं. बोलणी मात्र वेळ न बघता मिळायची.

आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात तिने धाकटीला अंघोळीला बसवलं, पाठीवर पाणी ओतलं आणि तिचा दंड हातात धरून थांबली.

"हे काय गं?"

धाकटी काय सांगणार. तिला वाटायचं सगळ्यांचे दंड असेच असतात. खांद्यापासून कोपरापर्यंत बाहेरच्या अंगाला बारीक बारीक पुळ्या. खाज नाही, दुखणं नाही, पिकणं नाही. थंडीत अंगावर काटा उभा राहतो ना, तसं. फक्त हा काटा उभा राहिला तो खाली बसायचं नाव घेत नव्हता.

आत्याने आरडाओरडा केला म्हणून दादा बघायला आला. तो पॉलिशवाल्याचा मुलगा, तेव्हाच बापाच्या हाताखाली कामाला लागलेला. त्याने बहिणीच्या दंडावर दोन बोटं फिरवली, डोळे मिटून बापासारखा चेहरा केला आणि निकाल दिला.

"ऐंशी नंबर."

लाकूड घासायच्या कागदाला नंबर असतात. नंबर जितका लहान, तितका कागद खरबरीत. ऐंशी म्हणजे जाडाभरडा, जुना रंग खरवडून काढायचा. चारशे म्हणजे इतका बारीक की गालावर फिरवला तरी कळू नये. त्या दिवसापासून धाकटीचं नाव ऐंशी पडलं. शाळेतलं नाव शाळेत राहिलं.

रात्री जेवताना आत्याने भावाला विचारलं, "पोरीच्या हातांचं काय करायचं?"

बाबांनी ताटातून मान वर केली नाही. "खरबरीत आहे ना? मग घासायचं. रोज थोडं थोडं. एका दिवसात काही गुळगुळीत होत नाही."

आयुष्यभर त्यांनी प्रत्येक गोष्टीवर हाच उपाय केला होता आणि तो कधी चुकला नव्हता, कारण त्यांच्या हाताखाली आजवर लाकूडच आलं होतं. आत्याही त्यांच्याच बापाची लेक. तिने ते वाक्य शिरसावंद्य मानलं आणि दुसऱ्या दिवशी टाचा घासायचा दगड घेऊन बसली.

तिथून पुढे काय काय झालं त्याची गणती नको. दगड झाला, घोसाळ्याची वाळकी जाळी झाली, जाडं मीठ तेलात कालवून झालं. पोरगी रडायची, आत्या म्हणायची, "जरा कळ काढ, आज जातील." हात लालबुंद व्हायचे, दोन दिवस खरंच गुळगुळीत लागायचे आणि तिसऱ्या दिवशी पुळ्या परत हजर, जणू कुठे लग्नाला जाऊन आल्या. मोठी झाल्यावर ऐंशीने स्वतःच हा छळ हातात घेतला. मैत्रिणीने सांगितलं म्हणून कॉफीचा चोथा चोळला. शेजारणीने सांगितलं म्हणून लिंबू चोळलं आणि संध्याकाळपर्यंत हात फुंकत बसली. जाहिरातीतलं क्रीम आणलं, त्याच्या वासाने डोकं उठलं. केसांचा कलप विकणाऱ्या बाईने तर नखांनी फोडायचा सल्ला दिला, आणि तोही ऐंशीने मानला, म्हणून डाव्या दंडावर काळे डाग राहिले ते राहिलेच.

"तू त्यांना हातच नको लावूस," असं सांगणारा तेवढा कुणी भेटला नाही.

शाळा संपली आणि ती दुकानात कामाला लागली. घासायचं काम तिच्याकडे. सकाळपासून भुशात बसायचं, कपाटांची दारं, खुर्च्यांचे पाय, टेबलांच्या कडा. अंगात कायम मनगटापर्यंत बाह्या, मनगटाला बटण. उन्हाळ्यात पत्र्याखाली घामाने निथळायची, पण बटण उघडायचं नाही. दुकानात येणारी माणसं म्हणायची, मुलगी मोठी सालस आहे. दादा मागून पुटपुटायचा, "सालस कसली, सालपटासारखी आहे," आणि लाकडाचा तुकडा अंगावर येण्याआधी पळायचा.

घासायच्या कामात तिचा हात कुणी धरू शकत नव्हतं. बाबा टेबलावर तळवा फिरवायचे आणि न बघता सांगायचे, हे तिने घासलंय आणि हे दादाने. पण घासणं म्हणजे काही पॉलिश नव्हे. लाखेचं पॉलिश अंगात मुरवावं लागतं. स्पिरिटमध्ये लाख विरघळवायची, कापसाचा गोळा जुन्या, शंभर वेळा धुतलेल्या कापडात बांधून त्याची पुरचुंडी करायची, आणि ती लाकडावर गोल गोल फिरवत राहायची. हात थांबवायचा नाही. जिथे थांबला तिथे पुरचुंडी चिकटली आणि लाकडावर डाग उठला, मग सगळं खरवडून पहिल्यापासून. असे थरावर थर चढतात आणि सगळ्यात वर शेवटचा हात, ज्याने लाकडात आरशासारखं तोंड दिसतं. तो शेवटचा हात बाबांचा. आणि त्याचा एक नियम होता, तोही आजोबांपासूनचा. शेवटचा हात उघड्या दंडांनी द्यायचा. बाही नको. ओल्या लाखेवर बाही टेकली की ओरखडा उठतो, आणि बाहीचा एक धागा जरी पडला तरी तो काचेत माशी अडकावी तसा कायमचा दिसत राहतो.

ऐंशीने एकदा विचारून पाहिलं होतं. "बाह्या घट्ट बांधून घेतल्या तर? वरून रबर लावते."

"नाही."

"प्लॅस्टिक गुंडाळते."

"घाम येईल, थेंब पडेल. नियम माझा नाही गं, लाकडाचा आहे."

ती परत घासायला बसली. तिने दुकानात बाही वर केली असती तर कुणी खाऊन टाकणार नव्हतं, हे तिलाही कळत होतं. पण लहानपणापासून ज्या दंडांवर घरातल्या प्रत्येकाने बोटं फिरवून मत दिलं, ते दंड घेऊन गिऱ्हाइकांसमोर उभं राहायचं म्हटलं की तिचा हात मनगटाच्या बटणाकडे जायचा. आधी हात बरे होऊ देत, मग बघू, असं म्हणत म्हणत वर्षं गेली.

मग बाबांचा हात थरथरायला लागला. आधी चहाची बशी वाजायची, मग पुरचुंडी. एका कपाटाला त्यांनी शेवटचा हात दिला आणि प्रकाशात तिरकं बघितलं तर त्यात लाटा दिसल्या. त्यांनी कपाट भिंतीकडे तोंड करून ठेवलं. त्यानंतर शेवटचा हात दादा देऊ लागला. दादाचा हात वाईट नव्हता, पण त्याला घाई. लाख कधी सुकेल याची वाट बघायची म्हणजे त्याच्या जिवावर यायचं. बाबा त्याच्या कामावर तळवा फिरवायचे आणि नुसतं "हं" म्हणायचे. ते "हं" ऐकून दादाच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

अशात संगीतशाळेचा पियानो आला. जुना, तपकिरी, झाकणावर पाण्याचे डाग आणि कुणीतरी ठेवलेल्या मेणबत्तीचा जळका वळ. शाळेचे मास्तर स्वतः घेऊन आले होते. ते म्हणाले, "हे झाकण चांगलं झालं तर शाळेतलं बाकीचं सगळंच तुमच्याकडे देऊ."

ते गेल्यावर बाबा दोघा मुलांना म्हणाले, "माझ्याने होणार नाही. ज्याच्या हातून हे झाकण होईल, त्याला माझा डबा." 

बाबांचा डबा म्हणजे पुरचुंडीचा, घट्ट झाकणाचा पितळी डबा. त्यात पुरचुंडी ठेवली की ती कडक होत नाही. आजोबांच्या हातून त्यांच्याकडे आलेला. दादा डब्याकडे बघत होता, बाबा मात्र ऐंशीच्या बाह्यांकडे बघत होते.

"घासून तयार करायला तुला महिना दीड महिना लागेल," ते तिला म्हणाले. "तोवर काय ते ठरव."

ऐंशी दुसऱ्या दिवशी कातडीच्या डॉक्टरणीकडे गेली. इतक्या वर्षांत कुणालाच हे सुचलं नव्हतं, कारण दुखत नाही त्याला डॉक्टर कशाला.

डॉक्टरीणबाई कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी दंड बघितला, भिंग लावून बघितला आणि विचारलं, "काय काय लावलंय आजवर?"

ऐंशीने सांगायला सुरुवात केली. लिंबापर्यंत आल्यावर बाईंनी हात वर करून थांबवलं.

"बास. आता ऐका. हा मळ नाही आणि हा रोगही नाही. कातडीचंच जे चिवट असतं, ते केसांच्या मुळाशी साठून बूच बसतं. प्रत्येक पुळी म्हणजे एक बूच. तुम्ही घासता, कातडी चिडते, आणखी जाड होते, आणखी बुचं. म्हणजे आजवर तुम्ही त्यांना खतपाणीच घातलंत."

"मग करायचं काय?"

"घासायचं नाही. अंघोळ कोमट पाण्याने, लवकर आटपायची. अंग टिपायचं, रगडायचं नाही. आणि कातडी ओलसर असतानाच हे क्रीम. यात युरिया आहे आणि थोडं आम्ल आहे, ते बूच हळूहळू मऊ करतं. रोज."

"किती दिवस?"

"फरक दिसायला दोनेक महिने."

"नाही, म्हणजे बरं व्हायला."

बाईंनी चष्मा काढला. "हे जात नाही. आटोक्यात राहतं. लावायचं सोडलंत की परत येतं. वय वाढेल तसं बऱ्याच जणांचं कमी होतं."

ऐंशी बाहेर पडली ती दात ओठ खातच. म्हणजे आयुष्यभर अन्न जेवावं तसं हे लावायचं आणि तरी जाणार नाही. असल्या औषधाला औषध तरी का म्हणावं. आणि वय वाढेल तसं कमी होतं म्हणे. म्हातारपणी हात सुंदर होणार, तेव्हा ते बघायला काय डोळ्यांचे डॉक्टर येणार आहेत?

घरी आत्याने ट्यूब उलटीसुलटी करून वाचायला लावली. "युरिया? तो झाडांना घालतात तो?"

"तोच असेल."

"म्हणजे आता तुला फुलं येणार."

"आत्या, तू तरी नको."

पण लावलं. नेमाने लावलं. रोज कोमट पाणी, टिपायचं, ओल्या अंगावर क्रीम. पहिले काही दिवस नुसती चुरचुर. मग एका सकाळी बोटं फिरवली तर बोटांना जरा वेगळं वाटलं. तिने लगेच दादाच्या पुढे दंड केला. कितीतरी वर्षांत पहिल्यांदा आपणहून.

दादाने डोळे मिटले. "एकशेवीस. नाही, दीडशे."

"खरं सांग."

"आईशप्पथ, दीडशे."

तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं. पण नेमकं तेव्हाच क्रीम संपायला लागलं. डॉक्टरणीच्या हिशेबाने जी ट्यूब महिनाभर जावी, ती पंधरा दिवसांत चेपून कागद झाली. नवी आणली, तिचीही तीच गत. शिवाय टोपण कधी नीट लावलेलं नसायचं. तोंडाशी क्रीम वाळून खडा झालेला. ज्या घरात डब्याचं झाकण उघडं राहिलं तर बाबा दुपारभर बोलायचे नाहीत, त्या घरात हे.

संशय सरळ दादावर गेला. त्याच्या टाचांना भेगा होत्या.

"टाचांना फासतोस ना माझं क्रीम?"

"मी?" दादाच्या हातात ब्रश तसाच राहिला. "तुझ्या खताला मी हात लावीन?"

"मग संपतं कसं?"

"तूच थापत असशील भिंतीला गिलावा करावा तसं. आणि खरं सांगू का, तुला हात बरे व्हायची घाई नाहीये, तुला डबा हवाय."

"आणि तुला नकोय?"

"मला हवा असता तर मी दंड दाखवायला घाबरलो नसतो."

त्यानंतर दोघं चार दिवस बोलले नाहीत. दुकानात फक्त घासण्याचा आवाज. पियानोचं झाकण तयार होत आलं होतं, खालचे थर चढत होते, आणि ऐंशीचे हात दीडशेवर अडून बसले होते. रोज बघायची. रोज तेच. बोटांना इतकी सवय झाली की पुढे काही सरकतंय की नाही तेही कळेना. दोन महिने म्हणजे दोन महिनेच, लाख घाई केली तर सुकते का, हे ती दादाला दिवसातून दहादा सुनवायची, पण स्वतःला सुनवायला कुणी नव्हतं.

आणि मग तिने ते केलं. कुणी दुसरं असतं तर त्याला सुचलंही नसतं. पॉलिशवाल्याच्याच घरात सुचावं असं.

लाखेच्या दोन थरांच्या मधे, वरचा थर चढवण्याआधी, अगदी झिजलेला चारशे नंबरचा कागद पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरवतात. खालच्या थरावर उठलेले कण जातात आणि पुढचा थर घट्ट बसतो. तिने स्वतःशी म्हटलं, घासू नका म्हणाल्या त्या दगडाला. हे काही घासणं नव्हे, हा तर दोन थरांमधला कागद. क्रीमचा एक थर झालाच आहे. आता कागद, मग पुढचा थर. न्हाणीघरात बसून तिने झिजलेला कागद भिजवला आणि दोन्ही दंडांवर, लाकडाच्या रेषेने जातात तसा, खांद्याकडून कोपराकडे, एकाच दिशेने, अगदी हळुवार फिरवला. हात इतके गुळगुळीत लागले की तिला हसू फुटलं. त्यावर क्रीम लावलं.

ती किंचाळली नाही. किंचाळायला श्वास हवा. आम्लाचं क्रीम सोललेल्या कातडीवर, म्हणजे अंगावर निखारे ओतावेत तसं झालं. पाणी ओतलं, आणखी ओतलं. आरशात बघितलं तर दोन्ही दंड टोमॅटोसारखे, आणि त्यावर प्रत्येक पुळी वेगळी उठून दिसत होती, जणू रंग देऊन मोजायला ठेवलेली.

डॉक्टरणीला फोन केला. काय केलं ते सांगितलं.

"कागद म्हणजे? लाकडाचा?"

"हो. पण चारशेचा. झिजलेला."

"चारशेचा," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज थकलेला होता. "आता ते क्रीम पूर्ण बंद. साधी व्हॅसलिन. कातडी भरून येईपर्यंत दुसरं काही नाही. आणि मग पहिल्यापासून."

पहिल्यापासून. ऐंशीने फोन ठेवला आणि न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसली. तिला रडू येत नव्हतं. ज्या माणसाने महिनाभर थरावर थर चढवून शेवटी स्वतःच पुरचुंडी मधे थांबवली, त्याला रडू येत नाही, स्वतःला चार मुस्काटात माराव्याशा वाटतात.

तिने कपाटातून व्हॅसलिनची डबी काढायला आत्याच्या खोलीचा पडदा बाजूला केला. आत्या आरामखुर्चीत बसली होती. एरवी आत्याच्या बाह्याही मनगटापर्यंत, तिला थंडी वाजते असं सगळ्यांना ठाऊक होतं. आता एक बाही खांद्यापर्यंत वर होती आणि दुसऱ्या हातात ट्यूब.

ट्यूबचं टोपण खुर्चीच्या हातावर पडलेलं.

"टोपण," ऐंशी म्हणाली.

"लावणारच होते."

ऐंशी जवळ गेली. म्हातारीचा दंड सैल झालेला, सुरकुत्यांच्या मधे मधे त्याच बारीक पुळ्या. बऱ्याच बसलेल्या, पण होत्या.

"तुलाही?"

"मग तुला काय आकाशातून पडल्या?" आत्याने बाही खाली केली, मग काय वाटलं कुणास ठाऊक, परत वर केली. "माझ्या बापाने मला घासलं. दुकानातल्याच कागदाने, जाड्या. तेव्हा तू होतीस त्याहून मी लहान होते. मग लग्न झालं. पहिल्याच आठवड्यात नवऱ्याने हात फिरवला आणि म्हणाला, पिसं काढलेली कोंबडी आणलीय. तेव्हापासून ह्या बाह्या."

"म्हणून घर सोडलंस?"

"छे. सोडायला दुसरी कारणं काय कमी होती? बाह्या तेवढ्या ह्यासाठी."

"मग मला कशाला एवढं रगडलंस गं?"

आत्या जरा वेळ ट्यूबच्या तोंडाशी वाळलेला खडा नखाने काढत बसली. "वाटलं, तू लहान आहेस, तुझ्या तरी जातील."

"आणि आता ह्या वयात कुणाला दाखवायचे आहेत?"

"कुणाला नाही. एकदा बघायचं होतं, हाताला कसं लागतं ते."

मग तिची नजर ऐंशीच्या दंडांवर गेली आणि ती उठून उभी राहिली. काय झालं ते ऐकल्यावर तिने कपाळावर हात मारला, भावाला, बापाला, आजोबाला आणि कागद बनवणाऱ्याला शिव्या घातल्या, आणि बोटाच्या टोकाने, रगडायचं नाही असं स्वतःलाच बजावत, पोरीच्या हातांना व्हॅसलिन लावलं.

कातडी वरवर भरायला आठवडा गेला. लाली मात्र तशीच होती आणि पुळ्या होत्या त्याहून जास्त ठसठशीत. पियानोचं झाकण दोन लाकडी घोड्यांवर आडवं टाकून तयार होतं. मास्तर संध्याकाळी न्यायला येणार होते.

सकाळी बाबांनी डबा आणून झाकणाशेजारी ठेवला. दादा उभा होता, ऐंशी उभी होती.

"दादा करेल," ऐंशी म्हणाली. "माझे हात बघा. मी थांबायचं म्हटलं तर आता वर्षभर थांबावं लागेल."

"वर्षभराने तरी जातील का?" बाबांनी विचारलं.

"नाही."

बाबांनी दादाकडे बघितलं. दादाने नाक खाजवलं. चार दिवसांचा अबोला कधीच सुटला होता, पण क्रीमचा आळ तो विसरला नव्हता. तरी तो म्हणाला, "माझं काही खरं नाही बाबा. मधेच घाई होते. झाकण खराब झालं तर मास्तर जातील आणि तुमचं ते 'हं' मला जन्मभर ऐकावं लागेल. हिलाच उतरवा."

ऐंशीला दोघांचाही संताप आला. बरे झालेल्या हातांनी करायचं होतं तिला हे. इतकी वर्षं तेच डोळ्यांपुढे होतं, गुळगुळीत दंड आणि त्यावर पडलेला खिडकीचा उजेड. आणि आता करायचं तर हे असे, सोललेले, लाल, सगळ्यात वाईट दिवशी. तिने मनगटाची बटणं उघडली ती ओढूनच, एक तुटून भुशात पडलं. बाह्यांचा सदरा काढून खुंटीला टांगला. आतल्या बिनबाह्यांच्या बंडीवर ती झाकणापाशी आली.

स्पिरिटचा वास हातांना लागताच दंड चुरचुरले. तिने पुरचुंडी लाखेत बुडवली, तळहातावर दाबून पाहिली, झाकणाच्या कडेवरून आत सरकवली आणि सुरू केलं. गोल, मग आठाच्या आकड्यासारखं, कडेपासून कडेपर्यंत. बाबा भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत होते. पुरचुंडी नीट चालली की तिचा आवाज येतो, चिकटायला लागली की आवाज बदलतो.

अर्ध्याहून जास्त झाकण झालं आणि मास्तर आले. संध्याकाळी यायचे ते दुपारीच, उत्सुकता आवरेना म्हणून. दारात उभे राहून त्यांनी आधी झाकण बघितलं आणि मग तिचे दंड. ते एक पाऊल मागे सरले. तिला ते डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं. आता हात थांबवता येत नव्हता. दंड झाकता येत नव्हते, वळता येत नव्हतं, काही म्हणजे काही करता येत नव्हतं. थांबली की डाग.

"हे..." मास्तर दादाला हळूच म्हणाले, पण दुकान लहान, "हे पसरणारं नाही ना? नाही, मुलं वाजवणार आहेत त्यावर. गैरसमज करून घेऊ नका."

दादाने तोंड उघडलं. पण त्याच्या आधी मागच्या खोलीचा पडदा सरकला आणि आत्या बाहेर आली. ती तरातरा मास्तरांपुढे गेली, मनगटापासून बाही सरसरत खांद्यापर्यंत वर केली आणि दंड त्यांच्या नाकाखाली धरला.

"आमच्या घरातलं आहे ते. नाक असतं घरातलं, तसं. लागत नाही कुणाला. लावून बघा हात."

"नाही, नाही, माझा तसा..."

"लावा हो. इतकी वर्षं झाली, कुणाला लागलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही, नाहीतर बरं झालं असतं."

मास्तरांचे कान लाल झाले. दादा खोकल्याचं निमित्त करून बाहेर पळाला. भिंतीला टेकलेल्या बाबांनी डोळे उघडून बहिणीच्या दंडाकडे बघितलं. त्यांनाही ते ठाऊक नव्हतं. ते बघतच राहिले, आणि मग त्यांचा चेहरा असा झाला की ऐंशीने मान खाली घातली. पुरचुंडी फिरत होती. तिला वाटलं होतं की कुणी आपल्या बाजूने बोललं तर बरं वाटेल. बरं वाटलं नाही. हात चुरचुरत होते, मास्तर अजूनही दंडच बघत होते, आणि तिला एवढंच वाटत होतं की ह्या सगळ्यांनी बाहेर जावं आणि तिला झाकण पुरं करू द्यावं. तिने ते पुरं केलं. कडेवरून पुरचुंडी हवेत उचलून घेतली, तेव्हा खांद्यातून कळ गेली.

लाख सुकल्यावर बाबांनी थरथरता तळवा झाकणाच्या वर धरला, टेकवला नाही. वाकून तिरकं बघितलं. "हं" म्हणाले नाहीत. डबा उचलून तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "झाकण घट्ट लावत जा."

पुढे संगीतशाळेचं बाकीचं सामान आलं, आणि तिच्या हातूनच झालं. पुळ्या काही गेल्या नाहीत. क्रीम पहिल्यापासून सुरू केलं, दोन ट्यूब आणायच्या, एक स्वतःची, एक आत्याची. चार महिन्यांनी दादाने एकशेऐंशी दिले. थंडी आली तेव्हा परत एकशेवीस. चार दिवस लावायचं राहिलं की सगळी मेहनत पाण्यात, आणि ऐंशी पुन्हा ट्यूब आपटत, डॉक्टरणीला आणि आपल्या घराण्याला बोल लावत कोमट पाण्याच्या बादलीपुढे बसायची. आत्याचे हात मात्र खरंच मऊ होत गेले. ती येता जाता पुतणीचं बोट धरून आपल्या दंडावर फिरवून घ्यायची आणि विचारायची, "किती?"

"तीनशेवीस."

"खोटं बोलतेस."

"नाही गं."

बाबांनी दुकानात येणं सोडलं त्या वर्षी, थंडी सरता सरता, आत्या झोपेतच वारली. सकाळी ऐंशीने पडदा सरकवला तेव्हा तिच्या उशाशी ट्यूब होती, टोपण नीट न लावलेली.